वर्ग गप्प का बसतो? ऑनलाइन चर्चेचा एक विसरलेला इतिहास

आवाज येतोय ना सगळ्यांना? येतोय असं दिसतंय. बरं.

आजचा विषय आम्ही मागून घेतलेला आहे. संयोजकांना न्यायदर्शनावर व्याख्यान हवं होतं. आम्ही त्यांना म्हटलं, न्यायदर्शन येईल, पण जरा वेगळ्या दारानं येईल. ऑनलाइन वर्गात चर्चा कशी चालवावी हे माणसं केव्हापासून शिकत आली, त्यांच्या हाती काय लागलं आणि हाती लागलेलं पुन्हा कसं निसटलं, असा हा इतिहास आहे. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की तो मार्च २०२०मध्ये सुरू होतो. तो त्याच्या अडतीस वर्षं आधी सुरू झाला होता. आम्हाला मात्र २०२०मध्ये त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत एका विद्यार्थ्यानं मोजली. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

टाळेबंदी लागली तेव्हा आम्हाला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. ओळखीच्या एका विभागातून फोन आला की एम.ए.च्या मुलांचा नीतिशास्त्राचा पेपर अर्ध्यावर राहिलाय, तुम्ही ऑनलाइन घ्याल का? आम्ही आनंदानं हो म्हटलं. फळ्यासमोर उभं राहून आयुष्य गेलेलं, त्यामुळे खुर्चीत बसून शिकवायला काय जड जाणार, असा भ्रम होता. वर्गात तीसेक मुलं. कॅमेरे बंद. काळ्या चौकटी आणि त्यांत पांढरी नावं. प्रश्न विचारला की शांतता. त्या शांततेत आम्ही मनातल्या मनात तीनपर्यंतसुद्धा मोजत नसू. लगेच तोच प्रश्न सोपा करून विचारायचो, मग आणखी सोपा, आणि शेवटी उत्तर स्वतःच देऊन टाकायचो. तीन-चार मुलं बोलायची, रोज तीच. बाकीच्यांना रस नाही, असं आमचं ठरून गेलं होतं.

एक दिवस कांटचं ते प्रसिद्ध उदाहरण चाललं होतं. मारेकरी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपलाय का? कांट म्हणतो, तिथंही खोटं बोलता येणार नाही. आम्ही विचारलं, खोटं नको, पण गप्प राहिलं तर चालेल का? आणि सोलापूरकडच्या एका विद्यार्थ्याचं नाव घेतलं. उत्तर नाही. ‘ऐकू येतंय का?’ उत्तर नाही. आम्ही म्हणालो, ‘वाचून आलेला दिसत नाहीस,’ आणि पुढं गेलो. थोड्या वेळानं चॅटमध्ये काहीतरी आल्याची खूण चमकली. तिकडे न बघता आम्ही सांगितलं की विषय आता पुढे गेलाय, मागचं नको. तास संपल्यावर चॅट वाचली. त्यानं लिहिलं होतं की गप्प राहण्याचा अर्थ गप्प बसणारा ठरवत नाही, समोरचा ठरवतो. मारेकरी त्या शांततेचा त्याला हवा तो अर्थ काढणार, म्हणून मौन ही सुटका नव्हे.

त्या सत्रातलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं. आणि आम्ही त्याच्या मौनाचं नेमकं तेच केलं होतं, जे त्याचा मारेकरी करत होता! संध्याकाळी फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, ‘सर, मी टाइप करत होतो.’ घरात आवाज फार, म्हणून माइक बंद; रेंज अधूनमधून, म्हणून मजकूर पोचायला उशीर. बोलणं गोडीनं झालं. पुढच्या सगळ्या तासांना तो हजर होता, परीक्षाही चांगली दिली. पण तास संपेपर्यंत चॅटमध्ये त्यानं पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

यानंतर आम्ही शोधू लागलो की असल्या वर्गात शिकवणारे आपल्याआधी कोण होते. शोधता शोधता जिथं पोचलो ती जागा अगदी अनपेक्षित होती.

सॅन डिएगो शहराच्या ला होया भागात वेस्टर्न बिहेवियरल सायन्सेस इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. तिच्या संस्थापकांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड फार्सन यांनी १९८२ साली बड्या हुद्द्यांवरच्या लोकांसाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. ही माणसं कामं सोडून वर्गात येणार नव्हती. म्हणून ठरलं असं की अधूनमधून आठवडाभर ला होयाला जमायचं आणि मधले महिने आपापल्या गावाहून संगणकावर एकमेकांशी बोलायचं. शिक्षणक्रमाची आखणी करणाऱ्यांत अँड्र्यू फीनबर्ग होते. हे तत्त्वज्ञानाचे माणूस, हर्बर्ट मार्क्यूझ यांचे विद्यार्थी. तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानात पुढे त्यांचं मोठं नाव झालं. ऑनलाइन वर्गाच्या इतिहासात पहिल्या पानावर एक तत्त्वज्ञ भेटावा, याचा आम्हाला जातभाई म्हणून थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

त्यांची साधनं काय होती ते ऐका. ४८ किलोबाइट स्मृतीचे अ‍ॅपल संगणक आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणारा ३०० बॉडचा मोडेम. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. पडदाभर मजकूर यायचा तर मिनिटभर बघत बसायचं. चित्र नाही, आवाज नाही, चेहरा नाही. सगळ्यांचं लिहिलेलं साठायचं ते दूर न्यू जर्सीतल्या एका संगणकावर. तिथल्या तंत्रज्ञान संस्थेत मरे टुरॉफ यांनी चर्चेसाठी एक यंत्रणा उभी केली होती. तिचं इंग्रजी लघुरूप उच्चारलं की ‘आइज’, म्हणजे डोळे, असं ऐकू यायचं. जिथं कुणालाच कुणी दिसत नव्हतं त्या यंत्रणेचं नाव डोळे! टुरॉफ यांनी त्याआधी १९७१मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पगार आणि किमती गोठवल्या तेव्हा, देशभरातल्या सरकारी कचेऱ्यांना एकत्र सल्लामसलत करता यावी म्हणून अशीच एक यंत्रणा तयार केली होती. म्हणजे मूळ सोय कारभाराची, ती वर्गात आली. वर्गासाठी म्हणून ती कुणी घडवलेली नव्हती, हे आपण लक्षात ठेवू.

शिक्षक नामांकित होते, विद्यार्थी अनुभवी होते आणि पहिले वर्ग फसले. फीनबर्ग यांनी पुढे मोकळेपणानं लिहिलं आहे की यातल्या कुणीही आधी असा वर्ग पाहिलेलाच नव्हता. सुरुवात कशी करायची, मजकूर किती लांब असावा, शिक्षकानं दिवसाकाठी किती वेळा यावं, इतक्या साध्या प्रश्नांचीही उत्तरं कुणाकडे नव्हती. काहींनी लांबलचक, उत्तम व्याख्यानं लिहून पाठवली. लोकांनी ती वाचली आणि काही बोलले नाहीत. याचं कारण आम्हाला आता कळतं. चारी बाजूंनी पूर्ण केलेल्या व्याख्यानात शिरायला दार नसतं. त्याला दाद देता येते, उत्तर देता येत नाही. दुसऱ्या काहींनी वाचनाची यादी आणि प्रश्न टाकले आणि वाट पाहिली. तिथंही शांतता.

या शांततेचं फीनबर्ग यांनी केलेलं निदान महत्त्वाचं आहे. वर्गात आपण बोलतो तेव्हा समोरची माणसं न बोलताही सारखी काहीतरी सांगत असतात. कुणी मान हलवतं, कुणाच्या कपाळाला आठी पडते, कुणी वहीत लिहायला लागतं. बोलणाऱ्याला तेवढं पुरतं. पडद्यावर लिहिणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यानं चार ओळी लिहिल्या, दोन दिवस कुणी काही म्हणालं नाही, तर त्याला वाटतं की आपण पोकळीत बोललो. आपलं चुकलं का? कुणाला राग आला का? कुणी वाचलं तरी का? मग तो पुन्हा लिहीत नाही. असं प्रत्येकाचं झालं की वर्ग गप्प होतो. म्हणजे विद्यार्थी उदासीन असतो म्हणून वर्ग गप्प असतो असं नाही. पुष्कळदा वर्ग गप्प असतो म्हणून विद्यार्थी उदासीन होतो. आम्ही तीस-पस्तीस वर्षं शिकवून हा कार्यकारणभाव उलटा लावत होतो.

चुकतमाकत त्या मंडळींना जे सापडलं ते शिक्षकाचं एक नवं काम. दर थोड्या दिवसांनी शिक्षकानं आत्तापर्यंतचं सगळं पुन्हा वाचायचं आणि एक टिपण लिहायचं. त्यात सांगायचं की अमुकानं हे म्हटलं, तमकीनं त्याला असा आक्षेप घेतला, तिसऱ्याचं म्हणणं वरवर वेगळं दिसलं तरी पहिल्याला पुष्टी देणारं आहे, आणि आता खरा वाद या मुद्द्यावर येऊन थांबलाय. हे निकालपत्र नव्हे, गुणदान नव्हे. फीनबर्ग यांनी या कामाला विणण्याची उपमा दिली. १९८९ साली रॉबिन मेसन आणि अँथनी के यांनी संपादित केलेल्या ‘माइंडवीव्ह’ या ग्रंथात त्यांचा लेख आहे, आणि ग्रंथाच्या नावातही तेच विणकाम आहे. आपल्याकडे गोफ विणतात, तो डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाच्या हातात एकेक रंगीत दोरी, सगळे फिरतायत. पण गोफ पडतो आहे की नुसता गुंता होतो आहे, हे फिरणाऱ्याला आतून दिसत नाही. कुणीतरी मधूनमधून सांगावं लागतं.

टिपणात आपलं नाव आलं, आपलं म्हणणं कुणीतरी नीट समजून मांडलं, हे दिसलं की गप्प बसलेला माणूस पुन्हा लिहितो. तो शिक्षणक्रम सुमारे दहा वर्षं चालला. विद्यार्थी दीडशेच्या वर गेले, वीसहून अधिक देशांतले होते. सेकंदाला तीस अक्षरांच्या त्या तारेवर!

आता न्यायदर्शनाकडे येतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा नुसता फडशा पाडायचा ती वितंडा. मराठीत ‘वाद’ म्हटलं की भांडण आठवतं, पण सूत्रकाराला अभिप्रेत असलेला वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी यांच्याशी, मत्सर न बाळगता करायचा असतो. चौथ्या अध्यायात तसं स्पष्ट सांगितलंय. थोडक्यात, वाद ही वर्गातली चर्चा आहे.

पाचव्या अध्यायाच्या शेवटी निग्रहस्थानं येतात. निग्रहस्थान म्हणजे वादात पराभव ठरवण्याची जागा. ती बावीस आहेत. त्यांतल्या दोघांकडे आज बघू. एक आहे अप्रतिभा, म्हणजे वेळेवर उत्तर न सुचणं. सभेत उत्तर सुचलं नाही की हरलात. दुसरं आहे अननुभाषण. समोरच्यानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, तरी तुम्हाला ते पुन्हा मांडून दाखवता आलं नाही, तरीही हरलात. उत्तर द्यायच्या आधी दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडून उच्चारता आलं पाहिजे, हा दंडक. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडतात तो याच वळणाचा. भाष्यकार प्रतिपक्षाची बाजू इतकी चांगली मांडतो की कधी कधी वाचणाऱ्याला शंका येते, हाच तर सिद्धान्त नव्हे?

आम्ही हे दोन्ही शब्द एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवले, परीक्षेत टिपा लिहायला दिले. पण स्वतःच्या वर्गात काय केलं? विद्यार्थ्याच्या अप्रतिभेवर नजर ठेवली आणि स्वतःचं अननुभाषण विसरलो. मूल गप्प बसलं की ते हरलं. आम्ही त्याचं म्हणणं पुन्हा मांडलं नाही तर आम्ही हरलो, असं कधी मनातही आलं नाही. ला होयाच्या मंडळींना न्यायसूत्रं ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं; पण त्यांनी शोधलेलं विणकाम म्हणजे शिक्षकावर घातलेलं अनुभाषणाचं बंधनच आहे. आणखी एक योगायोग सांगतो. त्याच संस्थेत साठच्या दशकात कार्ल रॉजर्स काम करून गेले होते. समुपदेशनात समोरच्याचं बोलणं आधी त्याला परत ऐकवा, तो ‘हो, हेच’ म्हणू दे आणि मग पुढे जा, या रीतीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय. तो धागा फीनबर्ग यांच्यापर्यंत पोचला होता असा आमचा दावा नाही. पण तीन ठिकाणी, तीन निरनिराळ्या गरजांपोटी माणसं एकाच गोष्टीशी आली, हे लक्षणीय आहे.

धर्मकीर्तीनं ‘वादन्याय’मध्ये नैयायिकांच्या या निग्रहस्थानांची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. समोरच्याचं सगळंच्या सगळं पुन्हा कशाला म्हणायचं, ज्याला उत्तर द्यायचंय तेवढं म्हटलं की पुरे, असा त्याचा रोख आहे. वर्ग चालवणाऱ्याला हा सल्ला मोलाचा. नाहीतर आमच्यासारखे म्हातारे पंधरा जणांचं पंधरा वेळा सांगत बसतील. व्याख्यानमालेत अध्यक्षीय समारोप नावाचा प्रकार असतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रानं असे समारोप किती ऐकले असतील! चांगला अध्यक्ष वक्त्याचं म्हणणं दोन वाक्यांत उचलून त्यातली खरी अडचण सभेपुढे ठेवतो. एरवी तो स्वतःचं दुसरं व्याख्यान देतो, आणि लोक चपला शोधू लागतात. ऑनलाइन वर्गात चपला शोधण्याची सोय नाही, म्हणून मुलं कॅमेरा बंद करतात.

ला होयाचा वर्ग आणि आमचा २०२०चा वर्ग यांत मात्र एक मोठा फरक होता. त्यांचं सगळं सावकाश चालायचं. प्रश्न सोमवारी, उत्तर गुरुवारी, आणि त्यात कुणालाच वावगं वाटायचं नाही. आमच्याकडे चित्र आलं, आवाज आला, आणि त्याबरोबर जुन्या वर्गातली घाईही आली.

ती घाई किती असते हे मोजलेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या आसपास प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? सरासरी एक सेकंद. शिक्षकांनी प्रयत्नपूर्वक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न विचारताही मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’चं प्रमाण घटलं. त्यातलं आम्हाला सर्वांत बोचलेलं निरीक्षण असं की शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांच्यासाठी जास्त थांबत, आणि ज्यांना कच्चं समजत त्यांच्यासाठी कमी. ज्याला वेळेची जास्त गरज, त्यालाच कमी वेळ! बरं, हे कुणी मुद्दाम करत नव्हतं.

आता यात इंटरनेट घाला. समोरासमोरच्या संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. निरनिराळ्या भाषांत हे तपासलं गेलंय, फरक थोडाच पडतो. इतक्या बारीक तालावर आपले कान तयार झालेले असतात. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक कामांना चालतो असं धरलंय. गावाकडच्या मोबाइल रेंजवर तो कुठल्या कुठे जातो. आणि विलंब झाला की आपण दोष कुणाला देतो? २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हे तपासलं. जोड्याजोड्यांनी माणसं बोलत होती आणि मधल्या यंत्रणेत मुद्दाम विलंब घातला होता. लोकांना विलंब विलंब म्हणून कळलाच नाही. त्यांना वाटलं की समोरची व्यक्तीच कमी लक्ष देतेय, तुटकपणे वागतेय. तारेचा दोष माणसाच्या स्वभावावर गेला. हे वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो होतो. ‘वाचून आलेला दिसत नाहीस’ हे वाक्य आठवत होतं.

मग प्रश्न येतो, १९८२मध्ये कळलेलं २०२०मध्ये आम्हाला का कळलेलं नव्हतं? नुसतं आमचं अज्ञान म्हणून हे सोडून देता येणार नाही. ज्ञान होतं, वाढतही होतं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं १९८८मध्ये एका अभ्यासक्रमात हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना संगणकावरच्या चर्चेत आणलं. पुष्कळ जण नुसते वाचतात, लिहीत नाहीत, हे तिथं मोठ्या प्रमाणावर दिसलं, आणि नुसतं वाचणाऱ्याला आळशी म्हणावं का, यावर विचार झाला. त्याच विद्यापीठातल्या गिली सॅमन यांनी २०००मध्ये चर्चा चालवणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात पाच पायऱ्या आहेत आणि पहिल्या दोन विषयाच्या नाहीतच. आधी माणसाला नीट आत येता आलं पाहिजे आणि इथं कोण कोण आहे हे कळलं पाहिजे. आम्ही पहिल्याच तासाला थेट कांट काढला होता.

ज्ञान विसरलं गेलं, कारण ते महाग होतं. विणकाम हे शिक्षकाचं श्रमाचं काम. वीस-पंचवीस जणांचं रोजचं लेखन वाचायचं, त्यावर विचार करायचा, टिपण करायचं, यात वर्गात उभं राहून शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. नव्वदच्या दशकात इंटरनेट पसरलं तेव्हा विद्यापीठांच्या कारभाऱ्यांना त्यात वेगळंच काही दिसलं. एकदा पाठ तयार केला की हजारोंना दाखवता येईल, शिक्षक कमी लागतील. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी यावर कडाडून टीका केली आणि ऑनलाइन शिक्षणालाच पदव्यांचा कारखाना ठरवलं. फीनबर्ग यांनी त्यांना उत्तर दिलं. ते टीकेशी पुष्कळसे सहमत होते. पण यंत्राला एकच दिशा नसते, ला होयाचा वर्ग त्याच तारेवर चालला होता आणि त्यात शिक्षक कमी नव्हे तर अधिक लागला होता, असं त्यांचं म्हणणं. या वादात आम्ही फीनबर्ग यांच्या बाजूला आहोत, पण इतिहास नोबल यांच्या भीतीच्या दिशेनं गेला हेही खरं. २०११मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला. एक लाख साठ हजार माणसांचं अनुभाषण कोण करणार? तिथं विणणं ही कल्पनाच संपते. मग ऑनलाइन शिक्षण म्हणजे चित्रफीत आणि पर्यायी उत्तरांची चाचणी, हीच समजूत घट्ट झाली आणि चर्चा ही जोडपत्रासारखी उरली. २०२०मध्ये आमच्यासारख्यांना कुठलं बटण कुठं आहे हे अर्ध्या तासात शिकवलं गेलं. वर्ग गप्प बसला तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता थोडं आजचं. दर शनिवारी आम्ही एक लहान वाचनगट चालवतो, बारा-चौदा जणांचा. नागपूर, मडगाव, बंगळूर, एक जण न्यू जर्सीत. तिथं आम्ही प्रश्न विचारतो आणि स्वतःचा माइक बंद करतो. हे सोपं वाटतं, करून बघा. पाणी प्यायचं, खिडकीबाहेर बघायचं. सगळ्यांनी दोन-तीन मिनिटं लिहायचं आणि सांगितल्याशिवाय कुणी पाठवायचं नाही, म्हणजे जलद टाइप करणाऱ्याचं उत्तर बघून बाकीचे मागे घेत नाहीत. वाचायला सुरुवात आम्ही शेवटी आलेल्या उत्तरापासून करतो. रात्री एक पानभर टिपण जातं. त्यात उशिरा आलेलं, तास संपल्यावर आलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आलेलंही घेतो. कॅमेऱ्याची सक्ती नाही. घर दाखवायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

हे सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. तीन महिन्यांपूर्वी एका बाईंनी आमच्या टिपणाला उत्तर पाठवलं, ‘सर, मी असं म्हटलं नव्हतं.’ त्यांचा आक्षेप होता की त्यांचा मुद्दा आम्ही दुसऱ्याच्या मुद्द्याशी इतका छान जुळवला की त्यांचा विरोधच नाहीसा झाला. आम्ही त्यांचं मूळ लेखन काढून वाचलं. त्यांचंच बरोबर होतं. फीनबर्ग यांच्या उपमेतली ही अडचण आम्हाला तोवर दिसली नव्हती. विणणाऱ्याच्या हातात सत्ता असते. गोफ सुबक दिसावा म्हणून तो एखादी दोरी दुसरीखाली दाबून टाकतो आणि ते करताना त्याला स्वतःलाही कळत नाही. रॉजर्स यांच्या रीतीत समोरच्याच्या ‘हो, हेच’शिवाय पुढे जाता येत नाही, ती अट आम्ही गाळली होती. आता टिपण आधी कच्चं जातं. दोन दिवस ज्याला जे दुरुस्त करायचंय ते करतो. कधी कधी दुरुस्त्या टिपणापेक्षा मोठ्या होतात. त्या बाई अजून दर वेळी काहीतरी दुरुस्ती पाठवतात. आम्हाला शंका आहे की आता त्यांना त्याची गोडी लागलीय.

आपल्याकडे पंचवीसेक मिनिटं उरली आहेत. प्रश्न लिहायला घ्या. आम्ही माइक बंद करतोय, पाच मिनिटांनी सुरू करू. कुणाला रेंजची अडचण असेल तर घाई नको, नंतर पोचलेले प्रश्नही लेखी उत्तरांत घेऊ.